पट्टा का जागतो?

तानाबाई,

हे पत्र तुम्हाला पोचणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्हाला अक्षर येत नव्हतं, आणि तुम्ही गेल्याचं तुमच्या सत्यशीलेचं कार्ड येऊनही वीस वर्षं झाली. तरी तुमच्याबद्दल चार लोकांना सांगायचं तर आधी तुम्हालाच विचारलं पाहिजे. न विचारता कुणी तुमच्याविषयी बोललेलं तुम्हाला चालत नसे, आणि ते बरोबरच होतं. नाही म्हणायचं असेल तर आत्ताच म्हणा. म्हणत नाही? मग सांगते.

एक अट माझीही आहे. या गोष्टीत मी आहे, पण म्हातारपणी ‘मी, मी’ करत सुटणाऱ्यांचा मला भयंकर कंटाळा येतो. म्हणून त्या वेळच्या मला मी कोकिळा म्हणणार, तुम्हालाही नुसतं तानाबाई, आणि दुसऱ्या कुणाची गोष्ट असावी तशी सांगणार. आता ऐका.

कोकिळा नागपूरहून बी.एस्सी. होऊन दिग्रसच्या शाळेत शिकवायला आली ती १९६१च्या जूनमध्ये. वय तेवीस, नोकरी तात्पुरती, आवाज चढा. विषय शास्त्र. तेव्हा वेळापत्रकात ‘शास्त्र’च लिहीत, ‘विज्ञान’ हा शब्द नंतर रुळला. डिसेंबरातल्या एका कोरड्या सकाळी तिनं नववीच्या वर्गात कंगवा केसांवर घासून कागदाचे कपटे उचलून दाखवले. सगळा वर्ग पुढं झुकला. एक सत्यशीला तेवढी हनुवटी मुठीवर ठेवून बसली होती.

“काय गं, आवडलं नाही?”

“आवडलं ना, बाई. पन एवढंसंच राह्यते का ते?”

“मग केवढं असतं?”

“माह्या मायच्या बोटाले जिनात बोटभर ठिनगी लागते. पट्ट्यातून निघते.”

मागून कुणीतरी म्हणालं, “अन् तिच्या बापाच्या बिडीतून निघते!” वर्ग खदखदा हसला. सत्यशीला खाली बघून वहीवर पेन्सिल गिरवत बसली.

कोकिळेला तो विनोद कळला नाही. मधल्या सुट्टीत शिपायानं तिला समजावून सांगितलं. गावाबाहेर कापसाची जिनिंग होती, तिला सगळे नुसतं जीन म्हणत. कापसातून सरकी वेगळी करणारी यंत्रं, म्हणजे रेचे, तिथं रांगेनं मांडलेले. सत्यशीलेची आई तानाबाई एका रेच्यावर कापूस टाकायची आणि बाप बळीराम यंत्रांना तेल घालायचा. दिवाळीनंतर पंधरवड्यानं तिथं रुईच्या, म्हणजे सरकी काढलेल्या कापसाच्या, ढिगाला आग लागली. माणूस कुणी भाजलं नाही. टिनाचं छत तेवढं काळं पडलं. डोमाजी मुकादमानं मालकाला सांगितलं, बळीराम तिथं बिडी ओढत होता. बळीरामला त्याच दुपारी काढून टाकलं. आणि गावानं त्याला नाव ठेवलं, बिड्या बळीराम.

गंमत अशी की बळीराम बिडी ओढतच नव्हता. १९५६ साली नवरा-बायको ट्रकमध्ये उभ्यानं नागपूरला गेले, दीक्षा घेतली आणि परत येताना त्यानं बिडीचं बंडल वर्धा नदीत फेकलं. पाच वर्षांत त्यानं परत बिडीला हात लावला नव्हता. सगळा बौद्धवाडा हे जाणत होता. पण बौद्धवाड्याला विचारतो कोण?

दुसऱ्या दिवशी शाळेआधी कोकिळा जिनिंगच्या फाटकात उभी. आतून तानाबाई आली. उंच, सडसडीत, कासोट्याचं लुगडं, वय पस्तिशीच्या आत, पण भुवयांवर रुई बसून म्हातारी दिसणारी.

“तुमी सत्याच्या शास्त्राच्या बाई? पोट्टीनं काही केलं का?”

“नाही. मला ती ठिणगी बघायची आहे.”

तानाबाईनं तिला नीट न्याहाळलं. “लुगडं सांभाळा,” म्हणाली आणि आत घेऊन गेली.

लांबच लांब शेड, खाली फिरणारा लोखंडी दांडा आणि त्यावरून प्रत्येक रेच्याला फिरवणारे कातड्याचे रुंद पट्टे. आवाज इतका की बोलणं कानात तोंड घालून. तानाबाईनं पट्ट्याजवळ हाताची पालथी बाजू धरली. मनगटावरची लव उभी राहिली. “जागा हाय,” ती ओरडली. “ओल्या दिवसात झोपते हा. थंडीत, वारं सुकं असलं का जागते.”

बायांमध्ये हाच शब्द होता, पट्टा जागा आहे की झोपला आहे.

मग तानाबाई कापसाच्या कोरड्या पोत्यावर चढली, एक हात पट्ट्याजवळ नेऊन तसाच ठेवला. हवेतले रुईचे तुसे तिच्या दंडाकडे धावून आले, दंडावर उभे राहिले आणि क्षणात उडून परत गेले. पुन्हा आले, पुन्हा उडाले. जणू तिच्या हाताला पांढरी फुलं येत होती आणि झडत होती. तिनं दुसऱ्या हाताचं बोट शेजारच्या लोखंडी खांबाकडे नेलं. निळसर, चरचरीत ठिणगी बोटातून खांबात गेली.

कोकिळेनं हे सगळं पुस्तकात वाचलं होतं, परीक्षेत लिहून गुणही मिळवले होते. प्रत्यक्ष पाहिलं तेव्हा ती दोन पावलं मागं सरकली.

“भ्याल्या का?” तानाबाईनं विचारलं.

“नाही. तुम्हाला हे कुणी शिकवलं?”

“कोन शिकवनार? बारा सालाची होतो तवापासून इथं हावो. पोत्यावर उभं राह्यलं का लागते. वल्या पायानं उभं राह्यलं का नाही लागत. मंग म्या बायांले सांगतलं, सकाळी पायाखाली पानी शिंपडा. मुकादम म्हनते, कायले चिखल करता?” ती हसली आणि लगेच तिचं हसू थांबलं. “बाई, ती आग ह्या पट्ट्यानं लावली. सत्याच्या बापानं नाही. मी सांगतो तं कोनी आयकत नाही. तुमी शिकल्या हाय. तुमी सांगा.”

“मी सांगून काय उपयोग? दाखवता आलं पाहिजे.”

हे वाक्य कोकिळेनं सहज टाकलं होतं. तानाबाईनं ते पदराला बांधलं.

जानेवारीच्या शेवटी यवतमाळला जिल्ह्यातल्या शाळांचं प्रदर्शन भरणार होतं. पांढरकवड्यापासून महागावपर्यंतच्या शाळा येणार, अमरावतीहून परीक्षक येणार. कोकिळेनं हेडमास्तर विठ्ठलरावांकडून सत्यशीलेचं नाव मंजूर करून घेतलं आणि छापील पत्रक घेऊन ती बौद्धवाड्यात गेली. अंगणात बळीराम बाजेची सुंभं ताणत होता. तानाबाई ज्वारी निवडत होती. कोकिळेनं पत्रक मोठ्यानं वाचलं, ‘जिल्हा शालेय शास्त्र प्रदर्शन’.

बळीरामचे हात थांबले.

“कायचं म्हनले?”

“शास्त्राचं.”

“मंग नाही जमत, बाई,” तो शांतपणे म्हणाला. “शास्त्र आमी सोडून देल्लं. त्यातच लिवलं होतं ना, आमी काय शिवावं अन् काय शिवू नये? त्याचं परदर्शन करा, पूजा करा, आमचं काही म्हननं नाही. आमची पोर त्यात नाही येत.”

कोकिळेला आधी हसू आलं आणि लगेच लाज वाटली. सत्यशीला वर्षभर ‘शास्त्राच्या तासाला’ बसत होती, ते चाललं. पण सगळ्या जिल्ह्यासमोर, पाटीखाली, शास्त्राच्या नावानं आपली मुलगी उभी राहणार, हे त्याला गिळवत नव्हतं. बी.एस्सी.च्या तीन वर्षांत कोकिळेला एकदाही वाटलं नव्हतं की या एका शब्दाखाली दोन गोष्टी आहेत आणि त्यातली एक कुणाच्या पाठीवर वळ उठवून गेली आहे.

“अहो, हे ते नव्हे! हे... सायन्स!” ती घाईघाईनं म्हणाली. बळीराम पुन्हा सुंभं ताणू लागला.

तानाबाई मात्र सूप खाली ठेवून तिच्याकडे वळली.

“हे तुमचं शास्त्र कोनं लिवलं?”

“पुष्कळ जणांनी. अजून लिहितात.”

“त्यात चुकी निघाली तं?”

“खोडतात.”

“कोन खोडते? ज्याले हक्क हाय तोच ना?”

“जो करून दाखवील तो.”

“कोनीबी?”

“कुणीही.”

“म्या दाखवलं तं?”

“तुम्ही दाखवलंत तरी.”

तानाबाई बराच वेळ तिच्या तोंडाकडे बघत राहिली. कोकिळेला आजवरच्या सगळ्या परीक्षांत अशा नजरेनं कुणी तपासलं नव्हतं. शेवटी तानाबाई नवऱ्याकडे वळून म्हणाली, “आयकलं का जी? ह्याच्यात खोडता येते. मंग हे ते नाही.” आणि कोकिळेला, “येते पोट्टी. मीबी येतो. पन आमच्या पाटीवर तो शब्द नोका लिहू.”

यंत्र बळीरामनं बनवलं. जिनिंगच्या कचऱ्यातला पट्ट्याचा तुकडा चिरून बारीक केला, बाभळीचे दोन रूळ घासले, हात फिरवायला दांडा लावला. पट्ट्यावरची वीज टिपून घ्यायला टाचण्यांची फणी कोकिळेनं केली. वर उपडी घालायला तानाबाईनं घरातली एकुलती पितळी घागर दिली, ती तीन काचेच्या बाटल्यांवर बसवली. पहिले चार दिवस काहीच होईना. कोकिळा पुस्तक उलटसुलट चाळत बसली. तानाबाई आली, पट्ट्याचा वास घेतला, म्हणाली, “वला हाय. उनात टाका.” दोन दिवस उन्हात वाळवल्यावर घागरीतून करंगळीएवढी ठिणगी निघाली आणि बाजेवर बसलेला बळीराम उठून उभा राहिला. पाटी सत्यशीलेनं रंगवली: ‘पट्टा का जागतो?’

बसमध्ये दारव्ह्यावरून थेट यवतमाळपर्यंत घागर तानाबाईच्या मांडीवर होती. कंडक्टर म्हणाला, “मावशी, लग्नाले चालली का?”

“परीक्षेले,” ती म्हणाली.

यवतमाळच्या शाळेच्या मोठ्या दालनात पताका, सगळीकडे सरसाचा वास, आणि पोरांची झुंबड. आतला दिवा लुकलुकणारा रशियन उपग्रह होता, पाणी सोडल्यावर फिरणारं धरणाचं चाक होतं, बाटलीत बुडवलेला साप होता. तानाबाई प्रत्येक टेबलापाशी थांबे आणि पोरांना पहिला प्रश्न विचारी, “असं काहून होते?” अर्ध्यांना सांगता येत नसे. ती म्हणे, “मंग विचारून ये, मी उभी हावो.”

एका टेबलावर सूक्ष्मदर्शक होता. तिथल्या मुलीनं काचेवर कापसाचा एक तंतू ठेवला होता. तानाबाईला डोळा कसा लावायचा हे कळेना, मग एकदम दिसलं. ती वाकली ती वाकलेलीच राहिली. मागं रांग लांबली, पोरं कुरकुरायला लागली.

“काय दिसतं, तानाबाई?” कोकिळेनं विचारलं.

“फीत हाय. चपटी. पीळ पडत गेलेली फीत.” तिनं डोळा काढला नाही. “वीस साल, बाई. डोंगरच्या डोंगर रुई गेली माह्या हातून. एकीचंबी तोंड पाह्यलं नव्हतं म्या.”

उठली तेव्हा तिच्या डोळ्यांत पाणी होतं, आणि एकच डोळा बराच वेळ मिटून ठेवल्यामुळे ते आलं असं तिनं सांगितलं. कोकिळेनं मानून घेतलं.

परीक्षक शनिवारी दुपारी आले. सदाशिवराव, अमरावतीच्या कॉलेजात पदार्थविज्ञान शिकवणारे, काळा कोट, कमी बोलणारे. सत्यशीलेनं दांडा फिरवला, घागर चरचरली, ठिणगी उडाली. त्यांनी मान डोलावली आणि वहीत काही लिहिलं. पुढं सरकणार, इतक्यात तानाबाई टेबलासमोर आडवी आली.

“साहेब, ह्यानं रुई पेटते का?”

“का हो?”

“पेटली होती. आमच्या जिनात. लोकं म्हनते बिडीनं पेटली.”

सदाशिवराव थांबले. “करून बघू,” एवढंच म्हणाले.

रुईचा पुंजका घागरीजवळ चिमट्यात धरला. सत्यशीलेनं फिरवलं. ठिणगी रुईतून आरपार गेली. रुई तशीच पांढरी. पुन्हा तेच झालं. दहा वेळा झालं. बघ्यांची गर्दी वाढली आणि मागून कुणीतरी हसलं. सत्यशीलेचा चेहरा उतरला. कोकिळेच्या मनात आलं, आता ही बाई ओरडेल किंवा रडेल.

तानाबाई तिथंच फरशीवर बसली. डोळे मिटले. गर्दीला वाटलं चक्कर आली. पण ती आठवत होती.

“त्या दिशी काय येगळं होतं...” ती स्वतःशीच बोलत होती. “पट्टा तोच. रुई तीच. सुकं वारं रोजचंच.” मग नाक आकसलं. “वास! साहेब, त्या दिशी वास येऊन राह्यलता. दांड्यावर वंगन गोठलं होतं, ते काढाले रॉकेल नव्हतं. तं मुकादमानं मालकाच्या मोटारीतलं पेट्रोल आनलं. फिटरनं बोळ्यानं पुसलं अन् बोळा तिथंच पट्ट्याखाली टाकला. डोमाजीले मालूम हाय!”

सदाशिवराव बाहेर गेले. आपल्या जीपच्या ड्रायव्हरकडून बाटलीच्या झाकणात चार थेंब पेट्रोल घेऊन आले. सगळ्यांना चार हात मागं सरकवलं, खाली वाळूची बादली मागवली. थेंब रुईवर टाकले. “फिरव, मुली.”

सत्यशीलेनं दांडा फिरवला. घागर चरचरली. एक ठिणगी, फार मोठीही नाही, आणि रुई भप्पकन पेटली.

जळकी रुई वाळूत पडली. सदाशिवराव तिच्याकडे बघत होते, मग तानाबाईकडे बघायला लागले, आणि त्यांनी हात जोडले. कोकिळेनं प्राध्यापक पुष्कळ पाहिले होते. जिनिंगमधल्या मजूर बाईला हात जोडणारा हा पहिलाच.

“बाई, आमची पोरं एम.एस्सी. होतात,” ते म्हणाले, “पण ‘त्या दिवशी वेगळं काय होतं’ हे विचारायला शिकत नाहीत.”

“मले कोनी शिकवलं नाही जी,” तानाबाई म्हणाली, “पन माह्या घरावर आळ लावला का मले आठवाच लागते.”

बक्षीस उपग्रहाला मिळालं. साहजिकच होतं, तो चमकत होता. तानाबाईला बक्षिसाचं काही नव्हतं. तिनं सदाशिवरावांकडे एकच मागितलं: जे बघितलं ते लिहून द्या. त्यांनी कॉलेजच्या कागदावर आठ ओळी लिहिल्या. पट्ट्याच्या ठिणगीनं पेट्रोल लागलेली रुई पेटते, हे आपण स्वतः पाहिलं आहे, आणि सदर आगीचा दोष कुणावर ठेवण्याआधी मालकांनी याची चौकशी करावी. खाली सही, तारीख. तानाबाईनं तो कागद उलटासुलटा बघून कोकिळेच्या हातात दिला.

“तुमी नेऊन द्या मालकाले. माह्या हातून घेनार नाही तो. तुमच्या हातून घेईन.”

“सोमवारी देते,” कोकिळा म्हणाली. तेव्हा ती खरंच देणार होती.

सोमवारी विठ्ठलरावांनी तिला बोलावलं. कौतुक केलं, चहा दिला. मग म्हणाले, “ते पत्र म्हणे तुमच्याजवळ आहे. मालक आपल्या शाळेच्या मंडळावर आहेत, तुमची नोकरी एप्रिलपर्यंत आहे. मी काही म्हणत नाही, तुम्ही विचार करा.” कोकिळेनं विचार केला. विचार करणं म्हणजे घाबरणं, हे तिला तेव्हा स्वतःशीही कबूल करता आलं नाही. तिनं ठरवलं, परीक्षा झाल्या की देऊ.

फेब्रुवारीत तानाबाईनं बाजारात एकदाच विचारलं, “देल्लं का जी?”

“मालक गावाला गेलेत.”

मालक त्याच सकाळी मोटारीतून बाजारातून गेले होते. तानाबाईनंही पाहिलं असेल.

मार्चमध्ये बळीराम पांढरकवड्याकडे सडकेच्या कामावर गेला. एप्रिलमध्ये कोकिळेची नोकरी संपली आणि लग्न जबलपूरला ठरलं. निघायच्या दिवशी एसटी स्टँडवर तानाबाई आली होती. तिच्या ओच्यात भाजलेल्या शेंगा होत्या, त्या तिनं कोकिळेच्या पिशवीत ओतल्या.

“मालक आले असन आता गावाहून,” ती म्हणाली.

“आले असतील.”

“बस जिनाच्या फाटकापाशी हळू होते, तिथं वळन हाय. डायवरले मी सांगून ठेवलं. उतरा, कागद द्या, चढा. दोन मिनिटाचं काम हाय, बाई.”

“बरं,” कोकिळा म्हणाली.

बस सुटली. जिनिंगचं फाटक आलं. हंगाम संपला होता, पट्टे बंद होते, फाटक उघडं होतं आणि आत मालकाची मोटार उभी दिसत होती. ड्रायव्हरनं बस अगदी थांबवलीच आणि मान मागं वळवली.

“उतरता का, बाई?”

कागद तिच्या पर्समध्ये होता. कोकिळा म्हणाली, “नाही. चला.”